नाताळच्या भरगच्च जेवणानंतर गोड काय द्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाताळच्या रात्री बारा जण जेवायला आहेत. त्यात चार मुलं, दोन आजी-आजोबा आणि अंडं न खाणारी एक पाहुणी. जेवणात अख्ख्या भाजलेल्या कोंबड्या, भाजलेले बटाटे, ग्रेव्ही, लोण्यात परतलेल्या भाज्या आणि पाव. घरात ओव्हन एकच. फळांचा केक दुपारपासूनच चहाबरोबर खाऊन होणार, म्हणून जेवणानंतर पुन्हा तोच द्यायचा नाही. मग काय करावं?

मिठाया आणि डेझर्टचं काम मी व्यवसाय म्हणून करते, आणि सणाच्या जेवणाबद्दल कोणी विचारलं की मी आधी ताटात काय होतं ते विचारते. गोड पदार्थ वेगळा बसून निवडला की घोटाळा होतो. चित्रात सुंदर दिसणारा चीजकेक किंवा चॉकलेटचा तीन थरांचा केक निवडला जातो, आणि तो टेबलावर येतो तेव्हा लोकांच्या पोटात लोणी, पीठ आणि ग्रेव्ही आधीच ठासून भरलेली असते. दोन घासांनंतर चमचे खाली ठेवले जातात. पदार्थ उत्तम असतो, फक्त त्याची जागा चुकलेली असते.

पोट भरल्यावरही गोडासाठी जागा सापडते, त्यामागे कारण आहे. एकाच प्रकारची चव आणि पोत खात राहिलं की त्या चवीचा कंटाळा येतो, पण वेगळी चव समोर आली की भूक पुन्हा जागी होते. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये यावर केलेलं संशोधन आहारशास्त्रात आजही आधाराला घेतलं जातं. आपल्याला त्यातून एवढंच घ्यायचं आहे की शेवटचा पदार्थ जेवणाच्या उलट असावा. जेवण गरम होतं, तर गोड गार द्या. जेवण मऊ आणि तुपकट होतं, तर गोडात आंबटपणा आणि कुरकुरीतपणा हवा. जेवणात पीठ भरपूर होतं, तर गोडात फळ पुढे आणि पीठ मागे. तुमचं ताट पाहिलं तर मी आंबट, गार आणि आदल्या दिवशी तयार होणारा एक मुख्य पदार्थ ठेवीन, आणि ज्यांना काहीतरी घट्ट, काळंभोर हवं असतं त्यांच्यासाठी सोबत चॉकलेटचा अगदी लहान घास. तीन-चार गोड पदार्थ मांडायचा मोह टाळा. प्रत्येकातलं थोडंथोडं घेऊन ताटात सगळ्याचा काला होतो आणि कशाचीच चव लक्षात राहत नाही.

एकच पदार्थ निवडायचा झाला तर मी कॅरॅमलमधली संत्री निवडते. मांडायला साधी, पण या जेवणानंतर यापेक्षा नेमकं काही नाही. बारा जणांना दहा-बारा मोठी, घट्ट संत्री घ्या. वरून आणि खालून चकती कापा, मग संत्रं उभं ठेवून सुरीने साल वरून खाली उतरवा आणि आतला पांढरा भाग पूर्ण काढा. तो राहिला तर रात्रभरात कडवटपणा रसात उतरतो. आडवे अर्धा सेंटीमीटर जाडीचे काप करा, बिया काढा, सांडलेला रस जपून ठेवा. जाड बुडाच्या पातेल्यात 250 ग्रॅम साखर कोरडीच मंद आचेवर वितळवा. ढवळू नका, पातेलं फिरवा. साखर सोनेरी झाली की बहुतेक जण घाबरून आच बंद करतात, पण तिथे थांबलं तर हाती नुसता गोड पाक येतो. रंग गडद तांबूस होईपर्यंत आणि धुराची पहिली बारीक रेष दिसेपर्यंत थांबा. कॅरॅमलमधला तो किंचित कडूपणाच या पदार्थाचा प्राण आहे. मग आच बंद करून 200 मिलिलिटर गरम संत्र्याचा रस हळूहळू ओता. वाफ जोरात उसळते, म्हणून हात लांब ठेवा आणि मुलांना स्वयंपाकघराबाहेर पाठवा. साखरेचे खडे झाले तरी काळजी नको, मंद आचेवर पुन्हा विरघळतात. दालचिनीचा तुकडा, तीन लवंगा, चिमूटभर मीठ घाला, कोमट होऊ द्या, कापांवर ओता आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. वाढताना लवंगा काढून टाका आणि वर डाळिंबाचे दाणे किंवा भाजलेल्या बदामाचे काप पसरा. यात अंडं, दूध, गहू काहीच नाही, म्हणजे पाहुण्यांपैकी कोणालाही वेगळी वाटी द्यावी लागत नाही. माझ्या लेखी ही फार मोठी गोष्ट आहे. सणाच्या टेबलावर कोणाला तरी 'तुझ्यासाठी हे वेगळं' असं सांगावं लागलं की त्या माणसाचा आनंद थोडा कमी होतोच.

टेबलाच्या मधोमध ठेवावं असं काही हवं असेल तर पावलोव्हा करा. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ अशा मरँगच्या, म्हणजे अंड्याचा पांढरा भाग साखरेबरोबर फेटून भाजलेल्या थाळीवर क्रीम आणि फळं. रशियन नर्तकी अ‍ॅना पावलोव्हा 1926 मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेली होती, तिचंच नाव या पदार्थाला मिळालं. तो पहिला कोणी केला यावर ते दोन देश अजून भांडतात. तिकडे नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो, त्यामुळे वाफवलेल्या पुडिंगपेक्षा गार, हलका पदार्थ सणाला रुजला यात नवल नाही. जड जेवणानंतर कोणत्याही हवेत तो तसाच हलका लागतो.

सहा अंड्यांचा पांढरा भाग, 330 ग्रॅम बारीक साखर, दोन चहाचे चमचे कॉर्नफ्लोअर, एक चहाचा चमचा व्हिनेगर एवढंच साहित्य लागतं. अंडी फ्रिजमधून काढल्याबरोबर फोडा, कारण गार असताना बलक तुटत नाही. मात्र पांढरा भाग खोलीच्या तापमानाला आल्यावरच फेटा. बलकाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर फेस धरत नाही, म्हणून भांडं प्लास्टिकचं नको, स्टीलचं किंवा काचेचं घ्या आणि आतून लिंबाची फोड फिरवून पुसून घ्या. फेसाची मऊ टोकं उभी राहू लागली की साखर एकेक मोठा चमचा घाला आणि प्रत्येक चमच्यानंतर नीट फेटा. घाई इथेच नडते. मिश्रण दोन बोटांत चोळून बघा, कण लागत असेल तर साखर विरघळलेली नाही आणि ती भाजताना पाक होऊन खाली गळेल. शेवटी कॉर्नफ्लोअर आणि व्हिनेगर हलक्या हाताने मिसळा, त्यानेच आतला भाग मऊ राहतो. कागदावर साधारण 23 सेंटीमीटरचा गोल पसरा, मध्ये थोडा खोलगट ठेवा. ओव्हन 150 अंशांवर तापवा, ट्रे आत गेला की 120 अंशांवर आणा आणि सव्वा ते दीड तास भाजा. मग ओव्हन बंद करा, पण दार उघडू नका. आतच पूर्ण गार होऊ द्या. एकदम गार हवा लागली तर थाळी बसते आणि तडकते. थोड्या भेगा पडतीलच, क्रीमखाली त्या दिसत नाहीत.

हे सगळं 24 तारखेला रात्री करून टाकायचं, म्हणजे सणाच्या दिवशी ओव्हन कोंबडीसाठी मोकळा. गार झालेली थाळी हवाबंद डब्यात, फ्रिजबाहेर ठेवा. साखर ओलावा ओढून घेते, त्यामुळे फ्रिजमध्ये ती चिकट होते. क्रीम आणि फळं वाढायच्या अर्धा तास आधीच चढवा, त्याआधी नाही. क्रीममध्ये साखर मुळीच घालू नका, मरँगमध्ये ती पुरेशी आहे. फेटायचं क्रीम किमान 35 टक्के स्निग्धांशाचं हवं, आणि भांडंसुद्धा फ्रिजमध्ये गार केलेलं असावं. फळं आंबट निवडा: बेरी, किवी, पॅशनफ्रूट, डाळिंब. केळी आणि गोड आंबा घातला की सगळा पदार्थ एकसुरी होतो. अंडं न खाणाऱ्या पाहुणीसाठी शिजवलेल्या काबुली चण्याचं दाटसर पाणी फेटून छोटे मरँग करता येतात. ते अंड्यासारखंच फुगतं, फक्त मोठी थाळी त्यात टिकत नाही. लहान आकाराचे करा आणि 100 अंशांवर दीड-दोन तास वाळवा.

पावलोव्हा केला की सहा बलक उरतात, आणि त्यांची जागा ट्रायफलच्या, म्हणजे केक, फळं आणि क्रीमचे थर लावलेल्या गार पदार्थाच्या, कस्टर्डमध्ये आहे. मुलं जास्त असतील तर पावलोव्हा आणि ट्रायफल यांतून मी ट्रायफल निवडेन आणि पांढरा भाग फ्रीझरमध्ये टाकेन, तिथे तो काही महिने चांगला राहतो. ट्रायफलचं वैशिष्ट्य असं की तो आदल्या दिवशी केला तरच चांगला लागतो. थर एकमेकांत मुरायला रात्र लागते. काचेच्या खोल भांड्यात खाली साध्या स्पंज केकचे तुकडे, त्यावर संत्र्याचा रस आणि थोडं मार्मालेड, मग फळं, कस्टर्ड आणि वर फेटलेलं क्रीम. कस्टर्डला 600 मिलिलिटर दूध, सहा बलक, 80 ग्रॅम साखर, 30 ग्रॅम कॉर्नफ्लोअर घ्या. बलक फाटेल या भीतीने लोक हे कस्टर्ड उकळी यायच्या आत उतरवतात. कॉर्नफ्लोअर नसलेलं कस्टर्ड 82 अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही हे खरं. पण कॉर्नफ्लोअर घातलं असेल तर ते सतत ढवळत पूर्ण एक मिनिट उकळायलाच हवं. बलकात स्टार्च तोडणारं एक एन्झाइम असतं. ते उष्णतेने नष्ट झालं नाही तर संध्याकाळी घट्ट दिसणारं कस्टर्ड सकाळी पातळ होऊन थरांमधून खाली उतरतं. तयार कस्टर्डच्या पृष्ठभागाला चिकटेल असा प्लास्टिकचा कागद लावा, म्हणजे साय धरत नाही.

ट्रायफलमध्ये जेलीचा थर मुलांना आवडतो. जिलेटिन वापरत असाल तर त्यात कच्चा अननस, किवी आणि पपई चालत नाही. या फळांतली एन्झाइम जिलेटिनमधलं प्रथिन तोडतात आणि जेली कधीच घट्ट होत नाही. डब्यातला अननस चालतो, कारण तो आधीच उष्णतेतून गेलेला असतो. जिलेटिन प्राणिजन्य असतं, त्यामुळे शाकाहारी पाहुण्यांसाठी अगर-अगर वापरा. मात्र ते उकळून विरघळवावं लागतं आणि त्याची जेली थोडी कडक, ठिसूळ होते.

दारूबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण नाताळच्या कितीतरी कृतींत ब्रँडी, रम किंवा शेरी असते आणि 'पेटवली की उडून जाते' असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. पदार्थावर दारू पेटवून ज्वाळा विझू दिली तरी साधारण तीन-चतुर्थांश अल्कोहोल तसंच राहतं. टेबलावर मुलं असताना, किंवा कोणी औषधांमुळे, श्रद्धेमुळे वा व्यसनातून बाहेर पडल्यामुळे दारू टाळत असेल, तर ती पदार्थात घालूच नका. सुका मेवा भिजवायला कडक चहा आणि संत्र्याचा रस समप्रमाणात घेतला तर चवीला खोली येते. तशीच काळजी कच्च्या अंड्याची. चॉकलेट मूस आणि तिरामिसूच्या अनेक कृतींत अंडी न शिजवता जातात. आजी-आजोबा, लहान मुलं आणि गरोदर स्त्रिया असतील तिथे बलक साखरेबरोबर उकळत्या पाण्यावरच्या भांड्यात फेटून 71 अंशांपर्यंत नेऊन मगच वापरा, किंवा अंडं नसलेली कृती निवडा.

गरम गोडाशिवाय सण वाटत नाही असं म्हणणारे असतातच, आणि मला ते पटतं. त्यांच्यासाठी सफरचंदाचा क्रम्बल हा एकमेव गरम पदार्थ मी या जेवणानंतर सुचवेन, कारण तो ओव्हनच्या वेळापत्रकात बसतो. 300 ग्रॅम मैदा, 150 ग्रॅम गार लोणी, 150 ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ बोटांनी चोळून रवाळ करा आणि आठवडाभर आधीच फ्रीझरमध्ये ठेवून द्या. दीड किलो आंबटसर सफरचंदांच्या फोडी लिंबाचा रस आणि दालचिनी लावून ट्रेमध्ये पसरा, वर हा रवाळ थर गोठलेलाच टाका. कोंबडी आणि बटाटे बाहेर आले, सगळे ताटावर बसले, की ट्रे आत, 180 अंशांवर 40 ते 45 मिनिटं. जेवण संपेपर्यंत तो तयार होतो आणि दहा मिनिटं निवून नेमका खायच्या तापमानाला येतो. सोबत गार दही किंवा आइस्क्रीम द्या. सफरचंदांना साखर लावू नका, वरच्या थरातली पुरे.

ब्रिटिश पद्धतीचं ख्रिसमस पुडिंग मला मनापासून आवडतं, पण ते तुमच्यासाठी नाही. सुका मेवा आणि चरबी असलेलं हे पुडिंग परंपरेने अ‍ॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळपूर्वीच्या साधारण चार आठवड्यांच्या काळाच्या, आधीच्या रविवारी कालवतात, सहा-आठ तास वाफवतात आणि सणापर्यंत मुरू देतात. आता सुरू करायला उशीर झालेला आहे. कोणी तयार आणून दिलंच तर ते चुलीवर वाफवून गरम होतं, ओव्हन अडत नाही. तुकडा मात्र आगपेटीएवढाच वाढा. फ्रान्समधला ओंडक्याच्या आकाराचा केक, म्हणजे ब्यूश द नोएल, करायचा असेल तर बटरक्रीमऐवजी आत बिनसाखरेचं फेटलेलं क्रीम आणि आंबट बेरीचा गर भरा, आणि स्पंज ओव्हनमधून आल्याबरोबर, गरम असतानाच, कापडासकट गुंडाळून गार करा. मिलानचा पानेत्तोने, म्हणजे सुका मेवा घातलेला गोड, हलका पाव, भेट आला असेल तर त्याचे काप ट्रायफलच्या तळाला घाला, स्पंजपेक्षा सुंदर लागतात. जर्मनीतला ड्रेसडेनचा स्टोलन मात्र सकाळच्या कॉफीसाठी राखून ठेवा. तो पावाच्याच घराण्यातला आहे, आणि पाव तर जेवणातच झालेला असतो.

चॉकलेटचा लहान घास म्हणजे ट्रफल. 250 ग्रॅम गडद चॉकलेट बारीक चिरा, 200 मिलिलिटर क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवून त्यावर ओता, दोन मिनिटं हात लावू नका, मग मधून बाहेर असं हळूहळू ढवळा आणि 25 ग्रॅम लोणी घाला. भांड्यात पाण्याचे चार थेंब राहिले तर नुसतं वितळवलेलं चॉकलेट आवळून खडबडीत होतं, म्हणून सगळं कोरडं हवं. फ्रिजमध्ये घट्ट झाल्यावर चमच्याने गोळे काढून कोकोमध्ये घोळवा. पाच-सहा दिवस चांगले राहतात. माणशी दोन, कॉफीबरोबर, आणि त्याहून जास्त टेबलावर ठेवायचे नाहीत.

बर्फाचं काही हवं असेल तर ग्रानिटा सर्वांत सोपा: साखर घातलेला लिंबाचा किंवा डाळिंबाचा रस पसरट ट्रेमध्ये फ्रीझरमध्ये ठेवायचा आणि दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडायचा. गारव्यात जिभेला गोडी कमी कळते, म्हणून रस चाखताना थोडा जास्त गोड वाटायला हवा.

वेळेबद्दल सांगायचं तर, ताटं उचलल्या उचलल्या गोड आणू नका. पाऊण तास जाऊ द्या. टेबल पुसा, ग्लास बदला, मुलांना खेळू द्या, कोणाला चहा हवा असेल तर द्या. या वेळात पावलोव्हावर क्रीम चढतं, संत्री फ्रिजमधून बाहेर येऊन थोडी कमी गार होतात आणि त्यांचा वास खुलतो. वाढताना लहान वाट्या घ्या, माणशी साधारण 100 ग्रॅम पुरे. ज्याला हवं तो पुन्हा मागेल.

तुमच्या यादीसाठी मी असं करेन: 23 तारखेला ट्रफल आणि क्रम्बलचा वरचा थर, 24 ला दुपारी संत्री आणि कस्टर्ड, रात्री मरँग. 25 ला गोडासाठी फक्त क्रीम फेटणं आणि फळं चिरणं उरावं. क्रीम किंवा कस्टर्ड असलेलं काहीही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, गप्पा रंगल्या तरी कोणाला तरी आठवण ठेवायला सांगा. उरलेला ट्रायफल दोन दिवस फ्रिजमध्ये टिकतो. पावलोव्हा दुसऱ्या दिवशी मऊ पडतो, तेव्हा तो चुरून ग्लासात क्रीम आणि उरलेल्या संत्र्यांबरोबर थर देऊन वाढा. संत्र्यांचा उरलेला कॅरॅमल-रस गाळून बाटलीत ठेवा, आठवडाभर दह्यावर घालून खाता येतो.